डोळ्यांत थेंब घालण्यापूर्वी

धानाची मळणी सुरू झाली, मिरचीचे तोडे होऊ लागले आणि पऱ्हाटीवर बोंडे फुटली, म्हणजे नागपूर जिल्ह्यात गावोगावी लाल डोळ्यांची माणसे दिसू लागतात. मौदा-रामटेककडे धानाचा भुसा व कुसळे, भिवापूरकडे मिरचीची धूळ, काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागांतील फवारणी, आणि उन्हाळ्यात तर सर्वत्रच फुफाटा व झळा. डोळा चुरचुरू लागला की कास्तकार काय करतो? शेजाऱ्याच्या कोनाड्यातील अर्धवट उरलेली बाटली मागून आणतो. नाही तर बाजाराच्या दिवशी औषधांच्या दुकानी जाऊन ‘डोळ्यांत घालायचे काहीतरी द्या’ एवढेच सांगतो. दोन दिवसांत लाली उतरते, बाटलीवर विश्वास बसतो आणि पुढे घरातील प्रत्येक लाल डोळ्यासाठी तीच बाटली बाहेर निघते.

हा विश्वासच धोक्याचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. लाली गेली म्हणजे रोग गेला असे नव्हे. म्हणून डोळ्यांत कोणतेही औषध घालण्यापूर्वी डोळा कशाने लाल झाला, हे विचारले गेलेच पाहिजे. आणि हा प्रश्न गावात प्रथम विचारावयाचा तो आपल्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी.

लक्षण एक, कारणे चार

पहिले कारण वावडे, म्हणजे ॲलर्जी. धूळ, भुसा किंवा गाजरगवताचे पराग यांचे वावडे असलेल्या माणसाच्या बहुधा दोन्ही डोळ्यांना खाज सुटते, पाणी गळते, चिकट तार येते. खाज हे याचे मुख्य लक्षण होय. काही मुलांना हा त्रास दर उन्हाळ्यात होतो. डोळे चोळू न देणे, थंड पाण्याच्या घड्या ठेवणे आणि कामावरून आल्यावर तोंड-डोळे धुणे, एवढ्यानेही पुष्कळ आराम पडतो. तेवढ्याने न भागल्यास डॉक्टर ओलोपॅटाडीन किंवा केटोटिफेन यांसारखे वावड्यावरचे थेंब देतात.

दुसरे कारण संसर्ग. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली होती, ती वाचकांस आठवत असेलच. अशी साथ बहुधा विषाणूंमुळे येते आणि प्रतिजैविकाच्या थेंबांनी विषाणू मरत नाहीत. उलट एकच बाटली घरातील सर्वांनी वापरली, तर तीच साथीची वाहक ठरते.

तिसरे कारण इजा. धानाचे कुसळ, पऱ्हाटीचे किंवा तुरीचे वाळलेले टोक डोळ्यास लागले, म्हणजे बुबुळावर ओरखडा पडतो. त्या ओरखड्यातून बुरशी आत शिरते. आरंभी थोडेसे टोचते. पुढे दुखू लागते, उजेड सोसवत नाही आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. वेळीच उपचार न झाल्यास डोळ्यात फूल पडते आणि दृष्टी जाते.

चौथे कारण फवारणीचे औषध. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या खरिपात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले, हे आपण विसरता कामा नये. दृष्टी अंधुक होणे ही त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार होती. अशा वेळी थेंबांचा काही उपयोग नाही. पापण्या उघड्या धरून पंधरा ते वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवावे, औषध सांडलेले कपडे काढावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे. दिसणे अंधुक झाले, मळमळ सुटली किंवा घाम फुटला, तर तो केवळ डोळ्यांचा आजार नव्हे. विष अंगात भिनले आहे असे समजून 108 क्रमांकावर गाडी बोलवावी.

झटपट आराम देणारी बाटली

आता ज्या थेंबांनी हा सारा घोटाळा होतो, त्यांच्याकडे वळू. दुकानांतून मिळणाऱ्या अनेक थेंबांत प्रतिजैविकाबरोबर स्टिरॉइड मिसळलेले असते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी त्याची नावे बाटलीवर छापलेली असतात. स्टिरॉइड हे उपयुक्त औषध आहे. डॉक्टर डोळा तपासून ते योग्य रुग्णास मोजक्या दिवसांसाठी देतात. परंतु ते लाली आणि सूज दाबते, कारण नाहीसे करीत नाही. कुसळ लागलेल्या डोळ्यात ते घातले, तर डोळा बरा दिसतो आणि आत बुरशी फोफावते. वावड्यासाठी महिनोन्महिने घातले, तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही अकाली येतो. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने निघतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. दर उन्हाळ्यात मुलाच्या डोळ्यांत प्रेमाने हे थेंब घालणाऱ्या आईला आपण काय करीत आहोत याची कल्पनाही नसते, कारण वाढता दाब बहुधा दुखत नाही.

कायद्यानुसार स्टिरॉइड किंवा प्रतिजैविक असलेले डोळ्यांचे थेंब नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. बाटलीच्या वेष्टनावर ‘आरएक्स’ ही खूण व तसा इशारा छापलेला असतो. तो वाचणे व मानणे हे दुकानदाराचे कर्तव्य आहे, आणि चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदारावर न रागावणे हे आपले.

यावर कोणी म्हणेल, ‘सांगणे सोपे आहे. तोड्याच्या दिवसांत मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाणार?’ ही अडचण खरी आहे आणि तिचा सगळा दोष कास्तकारावर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि तिच्यावर उपाय आहे. नेपाळातील भक्तपूर जिल्ह्यात गावच्या आरोग्यसेवकांना साधे शिक्षण देण्यात आले. बुबुळावर ओरखडा पडलेल्या माणसास त्यांनी क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचे मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस दिले. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत अशा 442 जणांची नोंद आहे. त्यांच्यापैकी ज्यांचा उपचार इजेनंतर 18 तासांच्या आत सुरू झाला, त्यांतील एकाच्याही बुबुळास व्रण झाला नाही. त्या मलमात स्टिरॉइड नव्हते, हे ध्यानात ठेवावे. यावरून दोन गोष्टी दिसतात. डोळा वाचविण्यास मोठे रुग्णालयच लागते असे नाही; परंतु शिकलेला माणूस, योग्य औषध आणि तोच दिवस, ही तिन्ही लागतात. आपल्याकडील प्राथमिक आरोग्य केंद्रे व आशा कार्यकर्त्या यांना हंगामापूर्वी असे शिक्षण मिळावे आणि केंद्रात असे मलम सदैव असावे, अशी मागणी ग्रामसभांनी अवश्य करावी.

थेंब घालावयाची रीत

डॉक्टरांनी दिलेले औषधही नीट घातले पाहिजे. आधी हात साबणाने धुवावे. बाटलीवरील नाव व मुदत उजेडात वाचावी. कानाचे थेंब व चिकटविण्याचे रसायन यांच्या बाटल्या अगदी तशाच दिसतात आणि घाईत चूक होते. मान मागे करून खालची पापणी बोटाने ओढावी व त्या खोबणीत एकच थेंब टाकावा. बाटलीचे टोक डोळ्यास, पापणीस वा बोटास लागू देऊ नये. नंतर डोळा मिटून नाकाकडील कोपरा एक-दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा. दुसरे औषध घालावयाचे असल्यास पाच मिनिटे थांबावे.

बाटली फोडल्याचा दिवस तिच्यावर लिहावा आणि महिन्यानंतर ती टाकून द्यावी, मग आत कितीही औषध उरलेले असो. नागपूरच्या उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली किंवा मोटारसायकलच्या डिकीत औषध ठेवू नये. फवारणीच्या औषधांजवळ ते कधीही नसावे आणि मुलांच्या हाती लागू नये. मध, दूध, तूप घालणे किंवा पदराच्या टोकाने कुसळ काढणे, हेही बंद झाले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी एवढे करावे

लाल डोळ्याचा माणूस भेटला, की चार प्रश्न विचारावे : डोळ्याला काही लागले का? फवारणी केली होती का? दुखते का, की नुसती खाज आहे? दिसणे कमी झाले का? इजा, वेदना, अंधुक दिसणे, उजेड न सोसणे किंवा पांढरा ठिपका, यांपैकी एकही गोष्ट असेल तर त्याच दिवशी त्यास ग्रामीण रुग्णालयात, अथवा नागपुरास मेडिकल किंवा मेयोच्या नेत्रविभागात धाडावे. नुसती खाज असेल तर थंड पाणी व विश्रांती सांगावी, आणि दोन-तीन दिवसांत न थांबल्यास डॉक्टर दाखवावा. फवारणीच्या प्रात्यक्षिकात पंपाइतकेच महत्त्व चष्म्यास व स्वच्छ पाण्याच्या डबक्यास द्यावे. मळणीच्या वेळी साधा चष्मा लावणाऱ्यास हसू नये. स्वतः लावून दाखवावा.

पिकावर कीड दिसली, तर ती कोणती हे ओळखल्यावाचून औषध फवारू नका, असे आम्ही शेतकरी बंधूंना नेहमी सांगतो. डोळ्यांच्या बाबतीत याहून निराळे सांगावयाचे नाही. पीक एका हंगामात बुडाले तर पुढच्या हंगामात हाती लागते. डोळ्यास दुसरा हंगाम नसतो. आज घरी गेल्यावर कोनाड्यातील जुनी बाटली काढून टाका, ही या लेखापुरती आमची विनंती आहे.