तिकिटावरचे पदक

टपालाच्या तिकिटावर झळकायचे तर आधी मरावे लागते, असा आपल्याकडचा सर्वसाधारण रिवाज. त्याला जे थोडे अपवाद झाले, त्यांत महर्षी कर्वे आहेत. १९५८ साली त्यांच्या जन्मशताब्दीचे तिकीट निघाले, तेव्हा ते पाहायला अण्णा स्वतः हयात होते! असाच मान ऑगस्ट १९८० मध्ये मदर तेरेसांना मिळाला. ३० पैशांचे ते तिकीट. त्यावर मदरचा चेहरा आणि सोबत नोबेल पारितोषिकाचे पदक.

माझी तक्रार आहे ती त्या पदकाविषयी.

कलकत्त्यात 'मिशनरीज ऑफ चॅरिटी' हा संघ १९५० मध्ये स्थापन झाला. दोनच वर्षांनी कालीघाटला, देवीच्या मंदिरालगतच्या यात्रेकरूंच्या जुन्या धर्मशाळेत 'निर्मल हृदय' सुरू झाले. रस्त्यावर मरणाच्या वाटेवर पडलेली माणसे तेथे आणली जात. कालीमातेच्या दारात एक कॅथलिक संन्यासिनी! असे दृश्य जगात आणखी कोठे दिसले असते? सरकारने १९६२ मध्ये पद्मश्री दिली, हे खरे. पण तिकीट निघाले ते १९७९ च्या नोबेलनंतर, आणि तेही ते पदक चित्रात घालून. धर्माचा संकोच म्हणावा, तर सेंट फ्रान्सिस झेवियरचे तिकीट १९७४ सालीच निघाले होते. तेव्हा हा संकोच नव्हे. परक्यांनी पाठ थोपटल्यावर घरच्यांना ओळखण्याची आपली जुनी खोड आहे.

अमेरिकेची तऱ्हा वेगळी. तेथे २०१० मध्ये मदरच्या तिकिटावर नास्तिकांच्या एका संघटनेने आक्षेप घेतला. टपाल खात्याने उत्तर दिले, हा गौरव सेवाकार्याचा आहे, धर्माचा नाही. मला हे उत्तर पळपुटे वाटते. मरणाऱ्या माणसात आपल्याला ख्रिस्त दिसतो, असे मदर स्वतः सांगत. त्यांच्या सेवेतून श्रद्धा वेगळी काढायची कशी? त्यांच्यावरची टीकासुद्धा तेथूनच सुरू होते. दुःख सोसण्यातच पुण्य मानल्यामुळे रुग्णांच्या वेदनाशमनाकडे दुर्लक्ष झाले, असे टीकाकार म्हणतात. हा आक्षेप भक्तांनीही शांतपणे ऐकावा इतका गंभीर आहे.

म्हणून वाटते, त्या ३० पैशांच्या चित्रात कालीघाटच्या खाटा हव्या होत्या. वंदन करणाऱ्याने त्या पाहिल्या असत्या आणि टीका करणाऱ्यालाही बोट ठेवायला जागा मिळाली असती. पदकावर कोण कोठे बोट ठेवणार?