शंभर टक्के हजेरीचे बक्षीस बंद करा



वार्षिक स्नेहसंमेलनात 'शंभर टक्के उपस्थिती'साठी प्रमाणपत्र आणि कंपासपेटी देण्याची पद्धत बऱ्याच शाळांत आहे. हे बक्षीस बंद करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या मुलीच्या वर्गात, तिसरीत, एक मुलगा भर दुपारी स्वेटर घालून बसला होता. बाह्या पार मनगटापर्यंत ओढलेल्या. बाईंनी बाही वर सारली तर कोपराजवळ पाणी भरलेले फोड. कांजिण्या! "बाई, घरी नका ना पाठवू, माझं सर्टिफिकेट जाईल," म्हणून तो रडायलाच लागला. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत वर्गातले एकेक बाक रिकामे होत गेले. माझी मुलगीही आजारी पडली. त्या पोराचा यात काय दोष? आजार लपवायला त्याला त्या बक्षिसानेच शिकवले.

शाळा स्वच्छतेसाठी काही करत नाहीत, असे मी म्हणणार नाही. आमच्या शाळेत नळाशेजारी जाळीत बांधलेली साबणाची वडी असते आणि खिचडीच्या आधी रांगेने हात धुतले जातात. १५ ऑक्टोबरला हात धुवा दिनही होतो. जुलाबासारखे आजार त्याने नक्की कमी होतात. पण गोवर-कांजिण्या हवेतून पसरतात, तिथे साबण पुरा पडत नाही. कांजिण्या झालेले मूल पुरळ उठण्याआधी एक-दोन दिवसांपासून ते शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत इतरांना आजार देऊ शकते. गोवरात पुरळाआधीचे चार आणि नंतरचे चार दिवस धोक्याचे. आधीचे दिवस कोणाच्याच हातात नसतात. हातात असतात ते नंतरचे, आणि नेमके तेच आपण एका कंपासपेटीपायी घालवतो.

२०२३च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा डोळे आलेल्या मुलांना शाळेत पाठवू नका, असे सगळीकडे सांगितले जात होते. साथ ओसरली आणि ते सांगणेही थांबले.

बक्षीस बंद केले तर मुले खोटी आजारपणे काढतील, असे काही शिक्षक म्हणतात. मला ती भीती फार मोठी वाटत नाही. खरी अडचण वेगळी आहे. आमच्या इचलकरंजीत यंत्रमागावर पाळीने जाणाऱ्या आईचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. शिवाय घरी राहिलेल्या मुलाची शाळेतली खिचडीही बुडते. तिला नुसते 'मुलाला घरी ठेवा' म्हणणे सोपे आहे. मजुरीवर माझ्याकडे उत्तर नाही, पण खिचडीवर आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत शाळांनी पोषण आहाराचा शिधा पालकांच्या हाती दिलाच होता. मग आजारी मुलाच्या वाट्याची खिचडी भावंडाच्या किंवा शेजारच्या मुलाच्या डब्यातून घरी का जाऊ नये? त्याच मुलाबरोबर गृहपाठही पाठवता येईल. आणि हजेरीपटावर आजारपणाची वेगळी खूण असावी, म्हणजे उपस्थिती मोजताना ते दिवस त्या मुलाच्या विरोधात जाणार नाहीत.

बक्षिसांच्या याद्या दिवाळीनंतर तयार होतात. त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीने एक ठराव केला तरी पुरे. आमच्या समितीकडे मी तसा लेखी अर्ज दिला आहे, इतर पालकांनीही आपापल्या शाळेत द्यावा.

- एक पालक, इचलकरंजी