माप घनमीटरांचे, ओझे टनांचे

हिंगणघाट ही कापसाची पेठ. येथे कास्तकाराची गाडी काट्यावर चढल्यावाचून सौदा पुरा होत नाही, आणि चार किलोंच्या फरकासाठी तासभर वाद झाला तरी त्यात कोणास कमीपणा वाटत नाही. मापाविषयी इतकी दक्ष असलेली पेठ आपल्या दारावरून जाणाऱ्या सागवानाच्या व बांबूच्या ट्रकांच्या वजनाविषयी उदासीन असावी, हे आम्हांस चमत्कारिक वाटते. आदिलाबाद व पांढरकवड्याच्या जंगलपट्ट्यातून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ हिंगणघाटवरूनच जातो. परंतु जंगलाचा माल महामार्गावर येईपर्यंत आणि महामार्ग सोडल्यानंतर गावोगावच्या लहान रस्त्यांवरूनच वाहिला जातो, आणि हे रस्ते हलक्या रहदारीचा अंदाज धरून बांधलेले असतात.

कायद्यात उणीव आहे, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. गाडीच्या स्वतःच्या वजनासह दोन आसांच्या ट्रकाची मर्यादा पूर्वी १६.२ टन होती, ती केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये १८.५ टन केली. तीन आसांच्या ट्रकाची २५ टनांवरून २८.५ टन केली. म्हणजे मालवाहतूकदारांची अडचण सरकारने ऐकली नाही, असेही म्हणण्यास जागा उरली नाही. ही मर्यादा ओलांडणारास मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमाने वीस हजार रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनास दोन हजार रुपये ठरवून दिले आहेत. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी पुढे हलू द्यावयाची नाही, असे स्पष्ट बजावले आहे. दंड भरला म्हणजे जादा ओझे पुढे नेण्याचा परवाना मिळाला असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली निःसंदिग्धपणे सांगितले.

मग घोडे अडते कोठे? आमच्या मते ते मापाच्या भाषेत अडते. १९२७ च्या वन अधिनियमाच्या ४१ व्या कलमाखाली लाकडास वाहतुकीचा परवाना लागतो. पण त्यावर लाकूड मोजले जाते ते घनमीटरांत. रस्त्याचा कायदा मात्र टन मोजतो. वाळलेल्या सागाचा एक घनमीटर सुमारे साडेसहाशे किलो भरतो. नुकत्याच तोडलेल्या ओंडक्यात पाणी असते, म्हणून तेच माप कितीतरी जड होते. तेव्हा वनखात्याचा कागद अगदी चोख असूनही ट्रक मोटार कायद्याचा गुन्हेगार असू शकतो, आणि दोन्ही खात्यांचे अधिकारी आपापल्या परीने निर्दोष राहतात. दोष राहतो तो फक्त रस्त्यावर.

तो दोष केवढा मोठा, याचा हिशेब अमेरिकेतील इलिनॉय प्रांतात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रयोगांतून मिळाला. आसावरचे ओझे दीडपट झाले, तर रस्त्याची झीज सुमारे पाचपट होते. ओझे दुप्पट झाले, तर सुमारे सोळापट! जादा भाड्याचा लाभ एकाच्या खिशात पडतो, आणि फुटलेल्या रस्त्याची भरपाई करणारा मात्र कर देणारा सामान्य रयत असतो. यास व्यापार म्हणावे काय?

यावर असा आक्षेप येतो की, दंडाचा बडगा अखेर गरीब चालकाच्याच पाठीत बसतो. चोर सोडून संन्याशास सुळी देण्याचा हा प्रकार आम्हांसही मान्य नाही. पण कायदा तसे सांगत नाही. गाडी हाकणारा, हाकवणारा आणि हाकू देणारा हे तिघेही त्याच्या कक्षेत येतात. आणि चालक स्वतः मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या जाणिवेने वा हुकुमाने घडला असे गृहीत धरण्याचा अधिकार ११३ व्या कलमाने न्यायालयास दिला आहे. हे कलम ज्यांनी वापरावयाचे, त्यांनी ते वापरावे.

आमची मागणी साधी आहे. लाकूड आगारातून सुटण्यापूर्वी ट्रक काट्यावर चढावा, आणि घनमीटरांच्या शेजारी टनांचा आकडाही वाहतूक परवान्यावर लिहिला जावा. वाटेत संशय आल्यास पुढच्या मार्गावर दहा किलोमीटरांच्या आतील काट्यावर गाडी नेण्याचा अधिकार ११४ व्या कलमाने दिलाच आहे, आणि कापसाच्या पेठेत काट्यांचा दुष्काळ नाही. जादा माल तेथल्या तेथे मालकाच्या खर्चाने उतरवावा. व्यापाऱ्यांनीही काट्याची पावती पाहिल्याशिवाय भाडे चुकते न करण्याचा नेम धरावा. कारण मर्यादेत माल भरणाऱ्या सचोटीच्या माणसास आज जादा भरणाऱ्याच्या स्वस्त भाड्यापुढे हार खावी लागते, आणि नियम सर्वांस सारखा लागू झाला तरच त्याची सचोटी तगेल.

जी पेठ कास्तकाराच्या कापसास तराजू लावते, तिने धनवानाच्या ट्रकासही तो लावावा. न्याय म्हणतात तो याहून वेगळा नव्हे.