हरवणं, गमावणं आणि उत्राता

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळीच भाचीचा फोन आला. "मावशी, चार ओळींचं रशियन पत्र आहे. जरा बघतेस का?"

ती एका निर्यात कंपनीत हिशेबाचं काम करते. गिऱ्हाइकं रशियन, म्हणून कामापुरतं रशियन शिकली आहे. तिकडच्या ज्या बाईंशी तिचा रोजचा पत्रव्यवहार, त्यांचे यजमान अचानक गेले. साहेबांनी तिला इंग्रजीतलं ते सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य दिलं, 'सॉरी फॉर युअर लॉस', आणि सांगितलं, याचं रशियन कर. तिने केलंही. 'लॉस'साठी शब्द घातला होता 'उबीतक'.

मी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग विचारलं, "अगं, पाठवलं नाहीस ना अजून?"

उबीतक म्हणजे धंद्यातला तोटा. नवरा गेलेल्या बाईला आपण कळवणार होतो की आपल्याला झालेल्या तोट्याबद्दल वाईट वाटतं! पण पोरीला हसू नका. तिच्या वह्यांमध्ये लॉस म्हणजे रोज उबीतकच असतो. चूक त्या इंग्रजी शब्दाची आहे. तो एकटाच इतकी कामं करतो की त्यातलं नेमकं कुठलं हे आपण विचारायचं विसरतो.

रशियन माणूस ते विसरू शकत नाही, कारण त्याच्याकडे कामाप्रमाणे शब्द वेगळे आहेत. व्यापारातला तोटा तो उबीतक. पुरात, आगीत झालेलं नुकसान ते उश्चेर्ब. खेळातली हार ती प्रोइग्रिश. 'इग्रा' म्हणजे खेळ, त्यातूनच हा शब्द आला. छत्री हरवली, वेळ वाया गेला, रक्त गेलं, तर पतेर्या. हा त्यातल्या त्यात सर्वांत मोकळा शब्द. आणि जे गेलं ते भरून येणार नाही, माणूस गेलं, तर उत्राता. भाचीला हवा होता तो हा.

यातला उबीतक मला फार आवडतो. 'बीत' म्हणजे असणे. आपल्या संस्कृतातल्या 'भू' धातूचाच हा लांबचा भाऊ. त्याला 'उ' लागला की कमी होणे, ओसरणे. नफ्याला म्हणतात प्रीबिल, म्हणजे येऊन मिळालेलं. जमाखर्चाच्या वहीत असण्या-नसण्याचा प्रश्न!

युद्धात गेलेल्यांसाठी मात्र सरकारी रशियनमध्ये पतेर्याचंच अनेकवचन वापरतात. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे 2 कोटी 66 लाख माणसं गेली असा तिथला अधिकृत आकडा आहे. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे उत्राता लिहायला कारकुनाचा हात धजावत नसेल. ज्यांचा पत्ताच लागला नाही ते 'बेझ वेस्ती' नाहीसे झालेले, म्हणजे वार्तेविना. आपण म्हणतो बेपत्ता. आपल्याकडे पत्ता नसतो, त्यांच्याकडे खबर नसते. वाट पाहणाऱ्या आईला दोन्ही सारखंच.

आता माझा खरा मुद्दा. हल्ली मराठीतही सर्रास ऐकू येतं, 'मी माझ्या वडिलांना गमावलं', 'आम्ही एक थोर कलावंत गमावला'. हे माझ्या कानाला खटकतं. गमावतो ती संधी, नोकरी, जुगारात लावलेला पैसा. गमावण्यात आपला काहीतरी हलगर्जीपणा असतो. माणूस आपण गमावत नाही, तो जातो. आपल्या घरांमध्ये तर 'गेले' म्हणतानाही आवाज खाली येतो. बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणायचं, निघताना 'येतो' म्हणायचं अशी आपली भाषा. तिला हे 'गमावलं' कशाला हवं?

तीन वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ गेला तेव्हा भेटायला आलेल्या एकांनी मला हेच ऐकवलं, "तुम्ही भाऊ गमावलात." माणूस भला होता, पण रात्रभर माझ्या डोक्यात एकच. शेवटच्या आठवड्यात दादाने दोनदा फोन केला होता आणि 'नंतर बोलू' म्हणून मी दोन्ही वेळा ठेवला होता. गमावला म्हणजे मीच का? तेव्हापासून या शब्दाशी माझं भांडण आहे.

हे सगळं मी भाचीला तावातावाने सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "मग मावशी, उत्राताचं मूळ काय?"

इथे मी अडकले. कारण ते मला माहीत होतं. 'त्रातित' म्हणजे खर्च करणे. ज्या शब्दाचं मी एवढं कौतुक करत होते, तोही खर्चाच्याच घरचा निघाला. म्हणजे रशियनांनीही कधीतरी पैशाचाच शब्द उचलला आणि इतकी वर्षं मेलेल्या माणसांसाठी वापरून वापरून त्याचा पैसा पुसून टाकला. उद्या 'गमावलं'चंही तसं होईल कदाचित. तेव्हा भाषा बिघडली असं मी आता म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की ते होईपर्यंत, नुकतंच दुःख झालेल्या माणसासमोर हा शब्द टाळावा. आपल्याला तो साधा वाटतो, समोरच्याला हिशेब मागितल्यासारखा वाटू शकतो.

शेवटी पत्रात आम्ही लॉस ठेवलाच नाही. उत्राताही नाही. रशियनमध्ये सांत्वनाला 'सबलेझ्नोवानिये' म्हणतात. 'स' म्हणजे सह, आणि आत 'बोल' म्हणजे वेदना. अक्षरशः आपली सहवेदना! भाचीने तेवढंच लिहिलं आणि खाली त्या गृहस्थांची एक आठवण लिहिली: फोनवर मागून ते नेहमी 'इंडियाला नमस्कार सांग' म्हणायचे, ती.

दोन दिवसांनी उत्तर आलं. त्या बाईंनी लिहिलं होतं, हे ते म्हणायचे हे मी विसरलेच होते, बरं झालं आठवण केलीत.

रशियात हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीला 'ब्युरो नखोदक' म्हणतात, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची कचेरी. त्या दिवशी भाचीचं पत्र तसंच काहीतरी झालं.

असो. दादाच्या त्या दोन फोनांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.