ब्रेमेनला न पोहोचलेले चौघे

जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात नगरभवनाच्या पश्चिमेला एक ब्राँझचं गाढव उभं आहे. त्याच्या पाठीवर कुत्रा, कुत्र्यावर मांजर आणि सगळ्यांत वर कोंबडा. उतरंडच म्हणा ना! गाढवाचे पुढचे पाय मात्र सोन्यासारखे लखलखतात. ब्राँझ उघड्यावर काळवंडतं, पण सतत हात लागला की वरचा थर झिजून आतला धातू उजळतो. पाय धरून मनातली इच्छा सांगायची, अशी तिथली रीत. पण दोन्ही हातांनी! एकाच हाताने धरलेत, तर ‘पाहा, दोन गाढवं हस्तांदोलन करताहेत’, अशी थट्टा होते.

मूळ लोककथा ग्रिम बंधूंनी १८१९ साली छापली. ओझी वाहून थकलेलं गाढव, शिकारीला निरुपयोगी झालेला कुत्रा, दात बोथट झालेली मांजर आणि दुसऱ्याच दिवशी ज्याचं सूप व्हायचं होतं तो कोंबडा. आपल्याकडे निदान पांजरपोळ तरी असतो. या चौघांना जीव वाचवायला घर सोडावं लागलं. ब्रेमेनला जाऊन वाजंत्री व्हायचं, असं ठरवून ते निघाले. वाटेत रानात चोरांचं घर लागलं. एकमेकांच्या पाठीवर चढून चौघांनी खिडकीपाशी असा काही एकसुरात गळा काढला की, भूत आलं समजून चोर पळाले! ते घर चौघांना इतकं मानवलं की, पुढे कुणी गेलंच नाही. म्हणजे ब्रेमेनने पुतळा उभारला तो कधीच न आलेल्या पाहुण्यांचा!

शिल्पकार गेरहार्ड मार्क्स. नाझी सत्तेवर आले त्याच वर्षी, १९३३ साली, हाले इथल्या कलाशाळेतली त्यांची शिक्षकाची नोकरी गेली. १९३७ साली ‘अधःपतित कला’ म्हणून सरकारने जे प्रदर्शन भरवलं, त्यात त्यांचंही काम मांडलं होतं. टाकाऊ ठरवलं जाणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. हा पुतळा १९५३ साली उभा राहिला, तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते.

नगरभवनासमोरच्या चौकात रोलँड या दंतकथेतल्या वीराचा १४०४ सालचा दगडी पुतळा आहे. हातात तलवार, उंची पाच मीटरहून जास्त. गाढवाची उतरंड त्याच्या निम्मीही नाही. पण तिचे पाय हाताशी येतात.