हौसेचे मोल

'हौसेला मोल नसते' असे आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण म्हणणे मला मान्य नाही. हौसेला मोल असते, ते रुपया-पैशांत मोजता येते आणि मोजल्यावाचून कोणतीही हौस करू नये, असे माझे मत आहे. मात्र मोजून झाल्यावर ती जरूर करावी, हेही माझे तितकेच आग्रहाचे मत आहे. यंदा या मतापायी मला मेहुण्यांशी आणि भाच्याशी, दोघांशीही भांडावे लागले. भांडणाचे निमित्त एक कॅमेरा.

झाले असे. मी लातूरला राहतो. धाकटी बहीण, आमच्या घरचे शेंडेफळ, नांदेडला दिली आहे. तिचा मुलगा कॉलेजात शिकतो. श्रावणात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा घरात अबोला होता. मुलाला कॅमेरा हवा होता. तोही साधासुधा नव्हे, रीळ घालावयाचा, फिल्मचा. किंमत फार नव्हती, तीन-चार हजारांचीच गोष्ट. परंतु दाजींचे म्हणणे, प्रश्न किमतीचा नव्हे, अकलेचा आहे.

"गुरुजी, तुम्हीच सांगा आता ह्याला," दाजी म्हणाले. "खिशात कॅमेरा असताना गळ्यात दुसरा कशाला पायजे?"

"मामा, पप्पांना तुम्हीच समजावा," भाचा म्हणाला. "फोनमधल्या फोटोला फिल्मची मजा नाही."

शाळामास्तराला दोन्ही बाजूंनी पंच केले, की तो दोघांनाही नापास करतो. मीही तेच केले.

आधी भाच्याचे बघू. फिल्म घातली की फोटोला कला येते, हा त्याचा समज खोटा आहे. त्याने दाखविलेला 'कोडॅक एम-३५' मी नीट वाचून पाहिला. प्लास्टिकचे भिंग, एकच छिद्र, एकच वेग. छिद्राचा आकडा दहा आणि वेग सेकंदाचा एकशेविसावा भाग; हे दोन्ही कायमचे ठरलेले. जुन्या फोटोग्राफरांचा एक सोपा नियम असे : लख्ख उन्हात छिद्र सोळावर ठेवावे आणि वेग फिल्मच्या अंकाइतका, म्हणजे दोनशे अंकाच्या फिल्मला सेकंदाचा दोनशेवा भाग. या हिशेबाने भाच्याचा कॅमेरा भर उन्हात लागतो त्याच्या सुमारे चौपट उजेड आत घेतो. रंगीत निगेटिव्हला जादा उजेड पचतो, म्हणून फोटो चांगला येतो. पण संध्याकाळ झाली, किंवा माणूस उंबरठा ओलांडून माजघरात गेला, की ही फिल्म उपाशी मरते. कॅमेऱ्याला फ्लॅश आहे, पण त्याचा उजेड जवळच्या माणसांपुरता. म्हणजे गोदावरीचा घाट दुपारी बारा वाजता उत्तम येईल. देवघरातली आजी येईलच असे नाही. कॅमेरा घ्यावयाचा तर एवढे जाणून घ्यावा. तो घेतल्याने कोणी कलावंत होत नाही.

शिवाय खरा खर्च कॅमेऱ्याचा नाहीच. घोडा फुकट मिळाला तरी चंदीचे काय? आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. रोल, त्याची धुलाई, स्कॅनिंग आणि पुण्या-मुंबईला पाठवावयाचे कुरिअर, सारे धरून दीड हजाराच्या घरात गेले. छत्तीस फोटोंना वाटले, तर एका फोटोला चाळीसेक रुपये. दोन-तीन रोल झाले, की खर्च कॅमेऱ्याच्या किमतीवर चढलाच. रोल महाग, कारण तो परदेशातून येतो. आपल्या देशातही फिल्म होत असे. ऊटीच्या 'हिंदुस्थान फोटो फिल्म्स' या सरकारी कंपनीची स्थापना १९६० साली झाली, १९६७ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि 'इंदू' या नावाचा तिचा माल देशभर जात असे. तो कारखाना आता बंद पडला आहे. भाच्याचा चेहरा उतरला. दाजींचा मात्र खुलला. म्हणून मी पेन्सिल त्यांच्याकडे वळविली.

"दाजी, तुमच्या फोनात फोटो किती?"

त्यांनी पाहून सांगितले, अकरा हजारांवर.

"त्यातला माझ्या बहिणीचा एक काढून दाखवा. तिचा एकटीचा, चेहरा नीट दिसणारा."

दाजी पंधरा मिनिटे बोट फिरवीत होते. औषधाची बिले निघाली, प्लॉटचे कागद निघाले, नाना प्रकारच्या शुभसकाळ निघाल्या, कोणाच्या तरी लग्नातल्या पंगती निघाल्या. एका पंगतीच्या कडेला वाढत असलेली बहीण निघाली. तिचे अर्धे तोंड खांबाआड होते. बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, "राहू द्या ना दादा, मी कुठं फोटोत असते?"

मी दाजींना हसलो नाही. हसण्याचा अधिकार मला नव्हता. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला आली. दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी. आमच्या शहराच्या इतिहासातला तो दिवस. त्यानंतर आलेल्या एका गाडीचे मी स्वतः जाऊन फोनवर चाळीसेक फोटो काढले. दोन वर्षांनी फोन हातातून पडला, बंद झाला, आणि त्याबरोबर ते पाणीही गेले. एक फोटो कागदावर उतरवून घ्यावा, असे मला, आयुष्यभर मुलांना टिपणे ठेवावयास शिकविणाऱ्याला, सुचले नाही. दोष माझाच. पण माझ्यासारखे दोषी किती असतील, याचा अंदाज वाचकांनी आपापल्या खिशात हात घालून करावा.

फोटो काढणे आणि फोटो ठेवणे, या दोन गोष्टी आहेत. पहिली अतिशय स्वस्त झाली, म्हणून दुसरी आपण सोडून दिली.

आता जरा मागचे सांगतो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामाच्या दरबारी लाला दीनदयाळ यांच्यासारखा थोर छायाचित्रकार होता. त्याने टिपलेले राजवाडे, शिकारी, मेजवान्या आजही पाहावयास मिळतात. निजामाला फोटोग्राफर होता. माझ्या आजोबांना नव्हता. ते दिसावयास कसे होते, ते मला ठाऊक नाही. आमच्यासारख्यांच्या घरात चेहरा कागदावर उतरला, तो हौशी माणसाच्या हातात स्वस्त कॅमेरा आला तेव्हा. स्टुडिओवाला लग्नापुरता येई, वर्तमानपत्रवाला दुष्काळापुरता. रोजच्या ओसरीवरची माणसे टिपणारा हौशीच.

असा एक हौशी मी होतो. १९७३ साली नोकरी लागली आणि पहिल्या काही पगारांतून मी जुना 'आगफा क्लिक-थ्री' घेतला. हे कॅमेरे आपल्याच देशात, बडोद्याला होत. एका रिळावर बारा चौकोनी फोटो. मागे लाल काचेची खिडकी, तिच्यातून आकडा बघत रीळ पुढे सरकवायचे. वडील संतापले. "बहात्तरचा दुष्काळ अजून अंगावरून उतरला नाही अन् ह्याला फोटो सुचतात!" त्यांचे चुकले असे आजही म्हणवत नाही. त्या पैशात ज्वारी आली असती.

पुढच्या वर्षी दिवाळीत आम्ही आत्याकडे गेलो. तिचे गाव किल्लारीपासून जवळच. बारापैकी तीन फोटो मी बिघडविले; एकात तर माझेच बोट आले. पण एक उत्तम आला. ओसरीवर आत्या, तिचे यजमान, दोन सुना, मुले. मागे दगडी भिंत, वर माळवद. आणि आत्याच्या मांडीवर माझी धाकटी बहीण, वय वर्षे सात, तोंडात करंजी.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, माणसे दमून झोपली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाची जड माती झोपलेल्यांवर आली. माझ्या फोटोतली ती भिंत, ते माळवद आणि सहा माणसे त्या पहाटे गेली. घरातली ट्रंक, ट्रंकेतली कागदपत्रे, भिंतीवरच्या तसबिरी, काही उरले नाही. आत्याचा एक मुलगा कामासाठी सोलापूरला होता, तो वाचला. महिन्याभराने तो माझ्याकडे आला. बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "दादा, आईचा फोटो तुझ्याकडं असंल ना?"

बिस्किटांच्या डब्यात निगेटिव्ह होती. मी ती लातूरच्या एका स्टुडिओत नेऊन मोठी करून घेतली. सात घरांत ती तसबीर गेली. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी ती हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि काही न बोलता पुसून भिंतीवर लावली. ज्वारीचा हिशेब त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

दाजींना हे ठाऊक होते; त्यातलीच एक तसबीर त्यांच्या बैठकीत लागलेली आहे. तरी त्यांनी मुद्दा सोडला नाही. म्हणाले, "गुरुजी, तुमची फिल्म एका डब्यात होती म्हणून वाचली. डबा त्या गावात असता तर? फोनचा फोटो एका क्षणात शंभर घरी जातो."

मुद्दा बिनतोड आहे. निगेटिव्हही जळते, भिजते, आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात राहिली तर बिघडते. फिल्म काही अमृत प्यायलेली नाही. म्हणून मी दाजींना म्हणालो, की तुम्ही फोनमधले फोटो निवडून दर महिन्याला चार कागदावर उतरविणार असाल आणि मागे नावे लिहिणार असाल, तर मी भाच्याची बाजू सोडतो, कॅमेरा नकोच. पण गेल्या दहा वर्षांत किती उतरविले? दाजी गप्प. रिळाचा गुण कलेचा नव्हेच. तो सक्तीचा आहे. छत्तीस झाले की रीळ संपते, मग ते धुवावे लागते, पैसे मोजावे लागतात आणि पैसे मोजलेली वस्तू माणूस सांभाळून ठेवतो.

फिल्म मेली, असेही कोणी समजू नये. कोडॅक कंपनी २०१२ साली दिवाळखोरीत गेली हे खरे. पण २०२२ साली त्याच नावाने 'एक्टार एच-३५' हा स्वस्त कॅमेरा आला. तो एका चौकटीत दोन फोटो बसवितो, म्हणजे छत्तीसच्या रिळावर बहात्तर. २०२४ साली पेन्टॅक्सनेही याच पद्धतीचा नवा कॅमेरा काढला, पण तो पाचशे डॉलरांचा. आपला त्याच्याशी संबंध नाही. मी भाच्याला दोन फोटोंचा स्वस्त कॅमेरा सुचविला. फोटोमागचा खर्च निम्म्यावर आला.

मग मी निकाल दिला. कॅमेरा घ्यावा, पण अटींवर. तीन महिन्यांत एकच रीळ. धुवून झाल्यावर निगेटिव्ह परत मागवायची. हल्ली पुष्कळ तरुण नुसते स्कॅन फोनवर मागवितात आणि निगेटिव्ह लॅबमध्येच सोडून देतात, मग फिल्म आणि फोन यांत फरक तो काय राहिला? प्रत्येक रिळातले चार फोटो कागदावर उतरवायचे, मागे पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहायची आणि एक प्रत दुसऱ्या गावी, लातूरला माझ्याकडे, पाठवायची. दाजींच्या मुद्द्याला एवढा मान दिलाच पाहिजे. आणि पहिल्या रिळावरचा पहिला फोटो आईचा, एकटीचा, उन्हात उभी करून.

भाच्याने सगळे कबूल केले. बहीण म्हणाली, "माझा कशाला?" तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

वाचकहो, आपल्याही घरात या दिवसांत असा वाद निघेल. मुलगा कॅमेरा मागेल, मुलगी पेटी मागेल, आणि आपण 'उपयोग काय' म्हणून विचारू. जरूर विचारावे, हिशेबही करावा, पैसे नसतील तर नाहीही म्हणावे. पण हौस म्हणजे उधळपट्टीच, असे मुलांना सांगू नये. तिचा उपयोग कधीकधी वीस वर्षांनी कळतो, आणि तो कळू नये अशीच आपण तेव्हा प्रार्थना केलेली असते.

या भाऊबीजेला मी नांदेडला जाणार आहे. बहिणीच्या तबकात यंदा पातळ नाही, पाकीट नाही. दोन रोल घालणार आहे. तसे मी दाजींना आधीच कळविले, तेव्हा त्यांनी विचारले, "आणि धुलाईचा खर्च, गुरुजी?"

"तो तुमचा, दाजी," मी म्हणालो. "हौसेला मोल असतं."