‘गोश्त कुठलं?’ असं विचारलं तर

दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी माझा थोरला मित्रांबरोबर साताऱ्यातल्या एका कॅफेत गेला. रात्री जेवायला बसेना. "पोट भरलंय अम्मी, लोडेड फ्राईज खाल्ले." म्हणजे काय, तर बटाट्याच्या तळलेल्या कांड्या, त्यावर खिमा आणि त्यावर चीजचा सॉस. प्लेट 220 रुपयांची. मी विचारलं, "गोश्त कुठलं होतं?" तो म्हणाला, "विचारलं नाही. सगळ्यांसमोर कसं विचारणार?"

त्यानं न विचारता खाल्लं याचं वाईट वाटलंच. त्याहून जास्त वाईट वाटलं ते त्याला विचारायची लाज वाटली याचं. वेटरला "हलाल आहे का?" एवढं विचारलं की टेबलावरचे चार मित्र आपल्याकडे वेगळ्या नजरेनं बघतील, हे सोळा वर्षांच्या मुलाला कळतं. कुणी शिकवावं लागत नाही.

आता कॅफेत जायचं नाही, असं फर्मान काढणं सोपं होतं. पण इतकी वर्षं वर्गात काढल्यावर एक कळलंय. ज्या गोष्टीला बंदी घालतो, ती मुलं बंद करत नाहीत, फक्त आपल्याला सांगायचं बंद करतात. म्हणून पुढच्या रविवारी मी पाव किलो बोकडाचा खिमा आणला, पाऊण किलो बटाटे घेतले आणि त्यालाच सोलायला बसवलं.

पहिला प्रयोग फसला. कांड्या काळपट झाल्या, खिम्याच्या रश्शानं लगदा झाला आणि सॉस फाटला. थोरला म्हणाला, "कॅफेत असं नव्हतं." मग आम्ही दोघांनी कारणं शोधली. बटाटे मी फ्रीजमध्ये ठेवले होते. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना ती लवकर करपते. म्हणून बटाटे बाहेर ठेवलेलेच घ्यायचे, जुने आणि पिठूळ. बोटाएवढ्या कांड्या कापून अर्धा तास थंड पाण्यात ठेवायच्या, म्हणजे वरचा स्टार्च निघून जातो. मग मीठ आणि चमचाभर व्हिनेगर घातलेल्या उकळत्या पाण्यात पाचसहा मिनिटं ठेवून निथळायच्या आणि सुती कपड्यावर पूर्ण कोरड्या करायच्या. तळायच्या दोनदा. आधी मध्यम आचेवर, रंग न येऊ देता, आणि गार झाल्यावर तेज आचेवर. कुरकुरीतपणा या दुसऱ्या तळणीतून येतो.

खिमा कोरडाच हवा. कांदा, आलं-लसूण, हळद, एकच टोमॅटो आणि आपला कांदा-लसूण मसाला घालून पाणी पूर्ण आटेपर्यंत परतायचा. सॉससाठी दोन चमचे लोण्यात दोन चमचे मैदा परतायचा, रंग बदलू द्यायचा नाही. त्यात दीड कप दूध थोडं थोडं घालत ढवळायचं आणि दाट झालं की गॅस बंद करून मगच शंभर ग्रॅम किसलेलं चीज घालायचं. उकळत्या सॉसमध्ये चीज पडलं की त्यातलं तूप वेगळं होतं आणि उरतो तो चोथा.

चीजवरून आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लगेच एक मेसेज आला, "चीज हराम आहे, वासराच्या पोटातून काढतात." दूध गोठवणारं रेनेट पूर्वी वासराच्या जठरातूनच काढत, हे खरं. पण आपल्याकडच्या किराणा दुकानात मिळणाऱ्या चीजसाठी बहुतेक सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात. अनेक पाकिटांवर तसं छापलेलं असतं आणि हिरवा ठिपकाही असतो. पाकीट उलटून वाचायला अर्धा मिनिट लागतो. मेसेज पुढे ढकलायला त्याहून कमी लागतो, अडचण तिथंच आहे.

मेच्या सुट्टीत सांगलीला माहेरी गेल्यावर भाचरांसाठी हाच पदार्थ केला. माझ्या अम्मीनं ताटलीकडे बघितलं आणि म्हणाली, "यात नवीन काय? बटाटा-खिमाच की हा!" मग तिनं सांगितलं, घरात दहा माणसं आणि गोश्त पाव किलो. ते पुरावं म्हणून त्यात अर्धा किलो बटाटे. ज्याच्या वाटणीला खिमा जास्त जाई, तो त्या दिवसाचा नवाब. आज तोच बटाटा, तोच खिमा चीज ओतून 220 रुपयांना मिळतो. बी.एड.ला आम्हाला ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र घोकायला लावलं होतं. माझ्या मुलासाठी कॅफेची प्लेट ज्ञात होती आणि नानीचं पातेलं अज्ञात.

आणि तो बटाटा तरी कुठला? दक्षिण अमेरिकेतून निघाला, पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि त्यांचाच शब्द मराठीनं ठेवून घेतला. मी मराठीच्या तासाला बटाटा म्हणते, उर्दूच्या तासाला आलू. मिरचीही तशीच बाहेरून आली, आणि आज तिच्याशिवाय आपला कांदा-लसूण मसाला होत नाही. तेव्हा ‘आपलं खाणं’ आणि ‘परकं खाणं’ यावर कुणी फार ताणून बोलू लागलं की मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवते.

खरी परीक्षा पुढे होती. जूनमध्ये थोरल्यानं त्याच कॅफेवाल्या मित्रांना घरी बोलावलं. आदल्या रात्री एका मित्राच्या आईचा फोन आला. "टीचर, राग मानू नका, पण मटण कशाचं असतं हो तुमच्याकडे?"

मी थंडपणे "बोकडाचं" म्हणाले आणि फोन ठेवला. रात्रभर झोप लागली नाही. हा प्रश्न आमच्या कानांना साधा लागत नाही. गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा महाराष्ट्रात 2015 साली लागू झाला. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात दादरीला, घरात गोमांस असल्याच्या अफवेवरून जमावानं एका माणसाचा जीव घेतला. तेव्हापासून प्रवासात डबा उघडताना आधी आजूबाजूला बघणारी माणसं माझ्या घरात आहेत. पोटातली ही भीती त्या बाईंना कशी कळावी?

पण पहाटे नमाजनंतर दुसरी बाजू दिसली. मी मुलाला काय विचारलं होतं? "गोश्त कुठलं?" हेच ना? माझा प्रश्न म्हणजे श्रद्धा आणि तिचा प्रश्न म्हणजे संशय, हे मी कुठल्या हिशेबानं ठरवलं? दमदाटी करून विचारणारा वेगळा, त्याला उत्तर देणं लागत नाही. पण ही आई होती. आपलं लेकरू काय खाणार, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. आणि तिनं निदान फोन तरी केला. काहीतरी कारण सांगून मुलाला घरी ठेवून घेणं तिला जास्त सोपं होतं.

याच साताऱ्यात 1924 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. 1927 साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव दिलं. तिथं मुलं एकत्र राहत आणि एकत्रच जेवत. ती मुलं चालवायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या काळात कुणाच्या हातचं खायचं यावर केवढे प्रश्न असतील! ते टाळून ती पंगत बसली नसेल.

सकाळी मीच फोन केला. खिमा कुठल्या दुकानातून आणते ते सांगितलं. नको असेल तर त्याच्यासाठी वेगळ्या कढईत, नव्या तेलात नुसते चीजचे फ्राईज करीन, असंही म्हटलं. त्या हसल्या. "अहो, तो मटणावर तुटून पडतो. बोकडाचं आहे ना, मग झालं." मी म्हटलं, "उद्या माझा मुलगा तुमच्याकडे आला आणि ‘हलाल आहे का’ म्हणाला, तर तुम्हीही राग मानू नका." क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. चिकन तुमच्या दुकानातूनच आणीन."

माझं म्हणणं एवढंच. आपल्या मुलांना विचारायला शिकवू या, मान वर करून, आवाज न चढवता. आणि आपल्याला कुणी नीट विचारलं तर उत्तरही तसंच देऊ या. न विचारता खाणं आणि न विचारता टाळणं, दोन्हींत नुकसान आपलंच आहे.

परवा त्याच बाईंचा पुन्हा फोन आला. घरी करून बघितलं, सॉस फाटला. मी विचारलं, "चीज घालताना गॅस बंद केला होता का?"

नव्हता केला.